गूळ नको, डॉक्टर पाह्यजे

माझ्या धाकट्या लेकीला, मीनलला, पुण्यात नोकरी लागली. जळगाव जामोदला आमच्या घरी तिचा फोन आला, तेव्हा मी बापाचा नेहमीचा प्रश्न विचारला, "काम काय आहे?" ती म्हणाली, "काम सांगते हो बाबा, आधी हे ऐका. कंपनी सगळ्यांचा आरोग्य विमा काढते. आई-बाबा धरून आहे का, ते मी मुलाखतीतच विचारून घेतलं. आहे!"

फोन ठेवल्यावर तिची आई कपाळाला हात लावून बसली. "अजून खुर्ची पाह्यली नाही, टेबल पाह्यलं नाही, आन् ह्या पोरीनं पह्यले दवाखाना इचारला? काय म्हनले असतील ते लोकं! घरात समदे बिमारच हायेत काय?"

आता खरं म्हणजे अशा वेळी मीही 'आजकालची पोरं' म्हणून सुरू व्हायला पाहिजे. निवृत्त माणसाला तेवढा तरी हक्क असतो. पण मी सुरू झालो नाही. नोकरीआधी दवाखाना विचारणारं माणूस मी काही पहिल्यांदा पाहत नव्हतो. असं एक माणूस तीसेक वर्षांपूर्वी माझ्या खिडकीत येऊन उभं राहिलं होतं, आणि त्यानं माझ्यासमोर गुळाचा खडा परत ठेवला होता. दिवाळी अंकासाठी लिहा असा आग्रह झालाय, तर तेच लिहितो. माझ्या बढत्या-बदल्यांत कोणाला रस असायचं कारण नाही, आणि तशाही त्या झाल्याच नाहीत.

मी टाइमकीपर होतो, गावाबाहेरच्या एका जिनमध्ये. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना. आमच्या वऱ्हाडात तेव्हा गावोगाव जिनांची धुराडी होती. संयुक्त महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. बोर्डावर मराठी आली होती, बाकी कारभार होता तसाच होता. दसऱ्याला शेठ नारळ फोडायचे, यंत्रं सुरू व्हायची, आणि होळीच्या आगंमागं कापूस सरला की बंद. पुढचे सहा महिने कामगारांनी आपापलं पाहायचं. मी एकटा बारमाही, कारण कोणीतरी कुलपं सांभाळायला पाहिजे.

माझं काम म्हणाल तर सोपं. गेटजवळ एक खोली, तिला गजाची खिडकी. खिडकीमागे लाकडी फळी, फळीवर खिळे, खिळ्यांना पितळी बिल्ले. प्रत्येक कामगाराला एक नंबर. सकाळी भोंगा झाला की माणूस खिडकीत यायचा, मी त्याचा बिल्ला काढून द्यायचो आणि वहीत 'हजर' लिहायचो. संध्याकाळी बिल्ला परत. पुढं पुढं मला माणसांची नावं आठवायच्या आधी नंबरच आठवायला लागले. लग्नाच्या पंगतीत कोणी भेटला की मनात यायचं, हा तर सत्तावीस! माझा स्वतःचा नंबर एक. कामगार मला टाइमबाबू म्हणत. अजूनही बाजारात एखादा म्हातारा 'ओ टाइमबाबू' म्हणून हाक मारतो, तेव्हा मी नावानं मारलेल्या हाकेपेक्षा लवकर वळतो.

दुसरं काम गुळाचं. ते समजावून सांगावं लागेल. सरकी काढायच्या यंत्राला रेचा म्हणतात. आमच्याकडे असे रेचे ओळीनं चालायचे, आणि ते चालू झाले की शेडमध्ये रुईचं बारीक तूस उडायचं. डोळ्यांच्या पापण्यांवर, मिशीवर, भाकरीवर, सगळीकडे. संध्याकाळी बाहेर पडणारा पंचविशीतला गडी साठीचा दिसायचा. हे तूस नाकातोंडातून छातीत जातं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर शेठच्या आजोबांच्या वेळेपासून एकच औषध चालत आलं होतं, ते म्हणजे गूळ. सुट्टी झाली की बिल्ला परत घ्यायचा आणि माणसाच्या हातावर गुळाचा एक खडा ठेवायचा. गुळानं गळा सुटतो, तूस खाली उतरतं, असं सगळे मानत. मीही मानत होतो. खडा तोंडात धरूनच माणसं घरी निघायची, आणि जो तो गालात सुपारी धरल्यासारखा बोलायचा.

या गुळावर सगळ्यात जास्त जीव कोणाचा असेल, तर नंबर अकराचा, उखर्डाबुवाचा. साठी उलटलेला माणूस. शेठच्या वडिलांच्या वेळेपासून रेच्यावर. कान इतका तयार की चालत्या रेच्याच्या आवाजावरून कुठला पट्टा सैल झालाय ते सांगायचा. त्याची बायको जनाबाईही जिनमध्येच, अंगणात कापूस निवडायला. उखर्डाबुवा गुळाचा अर्धा खडा स्वतः चोखायचा आणि अर्धा धोतराच्या सोग्यात बांधायचा. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "बाबू, बायाले गूळ भेटत नाही ना. तूस काय बाईमानूस पाहून उडते काय?"

तर अशा या जिनमध्ये गौतम आला. नंबर एकेचाळीस. वरवट बकालकडचा, बौद्ध घरातला, मॅट्रिक झालेला, बावीस वर्षांचा उंच पोरगा. त्याला रेचा शिकवला उखर्डाबुवानं. पोरगा शिकायला हुशार, पण वाईट खोड एकच. दिसेल ते वाचायचा. आमच्या गेटच्या भिंतीवर कारखान्याच्या कायद्याचा एक छापील तक्ता काचेत लावलेला होता. तो तिथं लावावा लागतो म्हणून लावलेला. त्याच्यावर तुसाचा एवढा थर की ती काच आहे हेच मी विसरून गेलो होतो. गौतमनं तिसऱ्याच दिवशी बाहीनं ती काच पुसली आणि भाकरी खाता खाता वाचत उभा राहिला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

त्याचा मामेभाऊ नागपूरला गिरणीत होता. त्याच्याकडे सरकारी विम्याचं कार्ड होतं. कार्ड दाखवलं की डॉक्टर तपासतो, औषध देतो, घरच्यांनाही पाहतो. गौतम पहिला हंगाम संपता संपता खिडकीत आला.

"टाइमबाबू, ते कार्ड आपल्याले काऊन नाही?"

"अरे, ती गिरणी बारमाही. आपलं जिन हंगामी. हंगामी कामगाराला ते लागू नाही."

"म्हंजे छाती बी हंगामी असते काय? होळीले बंद होते?"

मी म्हटलं, "जा बे, बिल्ला दे." 

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर, पितृपक्षात साफसफाईला माणसं आली होती तेव्हा, ती गोष्ट झाली. संध्याकाळी मी सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला. गौतमनं आपला खडा घेतला आणि माझ्या खिडकीच्या चौकटीवर परत ठेवला. म्हणाला, "हा शेठले द्या. आमाले गूळ नको, डॉक्टर पाह्यजे." त्याच्या मागच्या पोरानंही ठेवला. त्याच्याही मागच्यानं. सतरा खडे ओळीनं लागले, आणि सतराही पंचविशीच्या आतल्या पोरांचे. मी अजून काही बोलायच्या आधी मुंग्या हजर.

म्हाताऱ्यांना हे अजिबात आवडलं नाही. उखर्डाबुवा तर खिडकीशी पुढं आला. "अबे, अन्न हाय ते! शेठ देऊन राह्यला तर तुमाले झोंबून राह्यलं काय? आमी चाळीस साल गूळच खाल्ला, मेलो काय?" असं म्हणता म्हणता त्याला खोकल्याची उबळ आली, आणि ती संपेपर्यंत सगळे खाली पाहत उभे राहिले. नंतर त्यानं शांतपणे ते सतराही खडे उचलले, मुंग्या फुंकरल्या आणि सोग्यात बांधले. जनाबाईची चैन झाली.

आमचे शेठ माणूस वाईट नव्हते. तापट होते, पण कामगाराच्या लग्नाकार्याला जातीनं जायचे. त्यांनी पोरांचं ऐकून घेतलं आणि दोन दिवसांनी मला बोलावून सांगितलं, "ठीक है टाइमबाबू. गावातले डॉक्टर वामनराव आपल्या लोकांना पाहतील. तुम्ही चिठ्ठी द्यायची, चिठ्ठी नेली की तपासणी आणि औषध जिनच्या नावावर. हंगामात कामानं दुखणं लागलं तर मोठा दवाखानाही मी करीन. पण आधीचं घरचं दुखणं माझ्या गळ्यात नको. दसऱ्याच्या दिवशी डॉक्टर इथं येऊन एकेकाची छाती तपासतील. बाबूपासून हमालापर्यंत. ज्याची साफ नाही, त्याला यंदा बिल्ला नाही."

मी बाहेर येऊन हे सांगितलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिला अर्धा भाग ऐकूनच वाजवल्या. मग दुसरा अर्धा डोक्यात उतरला, आणि सगळ्यांनी वळून म्हाताऱ्यांकडे पाहिलं. जुनी खोडं सहा होती. सहाही खोकणारी. उखर्डाबुवा पहिला.

तो माझ्या खोलीच्या पायरीवर बसला. म्हणाला, "बाबू, या पोरानं माह्यासाठी डॉक्टर मांगला, आन् डॉक्टरनं मले काहाडलं. कोनाले बोल लावू?" गौतम समोरच उभा होता. त्या पोराचा चेहरा मी विसरणार नाही. सहा जणांची भाकर आपल्या हातून गेली हे त्याला कळून चुकलं होतं.

आता दसऱ्याचं सांगतो. अंगणात कडुनिंबाखाली टेबल मांडलेलं. डॉक्टर वामनराव खुर्चीत, कानाला नळी लावून. वय झालेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि माणसाकडे न पाहता छातीशीच बोलायची सवय. शेजारी मी, वही आणि बिल्ल्यांची फळी घेऊन. मी नंबर पुकारायचा, माणसानं बिल्ला घेऊन सदरा काढून उभं राहायचं, डॉक्टरांनी 'साफ' म्हणायचं, मी लिहायचं. शेठ आणि मुनीम गेटवर, मुहूर्ताच्या गाड्या आत घेण्यात गुंतलेले. वहीत म्हातारे ठिकठिकाणी विखुरलेले होते, सगळे एकत्र नव्हते.

"नंबर अकरा, उखर्डा!"

आणि डोक्याला उखर्डाबुवाचा मळका फेटा गुंडाळून गौतम पुढं आला.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात अकरा नंबरचा बिल्ला होता, आणि तो माझ्याच फळीवरून सकाळी तपासणीपुरता उखर्डाबुवा घेऊन गेला होता. मला एका शब्दानं हे थांबवता आलं असतं. डॉक्टरांनी नळी लावली, "श्वास घ्या," म्हणाले, गौतमनं भाता ओढावा तसा श्वास घेतला. "साफ," डॉक्टर म्हणाले. आणि मी साफ लिहिलं. खाली शाईचा डाग पडला, तो आजही त्या वहीत असेल.

नंतर कळलं ते असं. ठरलं होतं की सहा पोरांनी सहा म्हाताऱ्यांच्या जागी उभं राहायचं. पण ऐन वेळी शेठला दारात पाहून पाच जणांनी माघार घेतली. मग गौतम एकटाच फिरून फिरून येत राहिला. एकदा फेटा, एकदा टोपी, एकदा उपरणं. एकदा तर लंगडत आला, कारण नंबर तेवीस लंगडा होता. छाती तपासायला लंगडायची काय गरज, पण पोरगा मनापासून करत होता. मला हसू फुटत होतं आणि घामही फुटत होता.

एक गोष्ट मात्र त्याला लपवता येत नव्हती. सदरा काढला की त्याच्या छातीवर डाव्या बाजूला तीन डाग दिसायचे, रुपयाएवढे, एकाखाली एक. तो दोन वर्षांचा असताना त्याची छाती भरली होती. गावात डॉक्टर नाही, नदीला पूर. मग सातपुड्याकडच्या आमच्या भागात तेव्हा करायचे तेच केलं. सळई तापवली आणि डाग दिले. आईनंच धरलं होतं म्हणे त्याला. हे त्यानं मला नंतर सांगितलं, अगदी साध्या आवाजात. "मायचा काय दोष बाबू? तिच्यापाशी सळईच होती."

तपासणी संपत आली तेव्हा शेठनी मला नारळाला बोलावलं. मी पाच-दहा मिनिटं उठलो. प्रसाद घेऊन परत आलो, तर डॉक्टर हात धुऊन नळी पेटीत ठेवत होते. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, माझी राहिली की." ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "झाली. वहीत लिहून ठेवलंय मी." मला वाटलं, बाबू म्हणून सूट दिली. मी मनातून खूश झालो. मला त्या दिवसांत पहाटे थोडा खोकला असायचा. थोडा म्हणजे, बायको म्हणायची बराच. पण मी खुर्चीवर बसणारा माणूस, तूस उडतं ते कामगारांच्या छातीत, माझ्या नाही, असं मी धरून चाललो होतो.

हंगाम सुरू झाला. सहाही म्हातारे कामावर. उखर्डाबुवानं चार दिवस गौतमशी अबोला धरला. बिल्ला आणि फेटा त्यानं नाइलाजानं दिला होता, पण आपल्या नावावर दुसऱ्याची छाती लागली याचा त्याला भारी राग. "माही छाती का बाजारात मांडली होती बे?" मग पाचव्या दिवशी त्यानं सोग्यातला अर्धा खडा काढून गौतमच्या तोंडात कोंबला, आणि गौतमनं तो मुकाट्यानं खाल्ला.

मी चिठ्ठ्या द्यायला लागलो. पोरं बिनधास्त यायची. डोळा आला, दे चिठ्ठी. म्हातारे यायचेच नाहीत. चिठ्ठी मागणं म्हणजे शेठपुढं हात पसरणं, असं त्यांना वाटायचं. उखर्डाबुवाला मी दोनदा चिठ्ठी लिहून दिली. दोन्ही वेळा त्यानं ती घडी करून फेट्यात खोचली आणि दवाखान्यात गेलाच नाही. तिसऱ्यांदा मी आग्रह केला नाही. करायला पाहिजे होता.

संक्रांत झाली आणि आठवड्याभरात तो चालत्या रेच्यासमोर कोसळला. श्वासच घेता येईना. ओठ निळे. गौतमनं पट्टा ओढून रेचा बंद केला, त्याला पाठीवर घेतला आणि तसाच डॉक्टर वामनरावांच्या दवाखान्यापर्यंत पळाला. डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "अकोल्याला न्या. आजच. आणि तिथं महिना-दोन महिने ठेवावं लागेल. नाही नेलं, तर मी काही सांगू शकत नाही."

तासाभरात आम्ही शेठच्या पेढीवर उभे होतो. मी, गौतम, डॉक्टर, आणि दाराशी पदर तोंडात धरून जनाबाई.

शेठ म्हणाले, "दुःख मलाही आहे. पण हे दुखणं आजचं नाही. चाळीस वर्षांचं आहे. घरचं दुखणं मी घेणार नाही, हे ठरलं होतं."

गौतम म्हणाला, "वही काहाडा शेठ. दसऱ्याले नंबर अकराची छाती साफ होती. तुमच्याच डॉक्टरनं लिवलं. दसऱ्याले साफ, संक्रांतीले खराब. मंग दुखनं घरचं कसं? हंगामातलंच झालं ना?"

 हे त्यानं दसऱ्यालाच योजलं होतं की आता सुचलं, ते मला आजवर कळलेलं नाही. शेठ मात्र दूधखुळे नव्हते. त्यांनी वही ओढली, पान काढलं, तो शाईचा डाग पाहिला आणि माझ्याकडे वळले.

"टाइमबाबू, त्या दिवशी अकरा नंबर म्हणून कोण उभं राहिलं होतं?"

 माझी नोकरी, घरी म्हातारे आई-वडील, पाळण्यातलं पोर, सगळं डोळ्यापुढं आलं. खरं सांगितलं असतं तर उखर्डाबुवा अकोल्याला गेला नसता. एवढं मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "शेठ, मी अकरा नंबर पुकारला. अकरा नंबरचा बिल्ला समोर आला. मी लिहिलं."

शेठ डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर वामनराव चष्मा पुसत होते. म्हणाले, "मी जी छाती तपासली, ती साफ होती. लोहाराच्या भात्यासारखी."

शेठनी वही मिटली. मग मुनीमला हाक मारली, "जीप काढायला सांगा." आणि आम्ही निघताना मला म्हणाले, "टाइमबाबू, तुम्ही मला एक अक्षर खोटं बोलला नाहीत. लक्षात राहील माझ्या." पुढची कितीतरी वर्षं ते मधूनच माझ्याकडे तसं पाहायचे. पण नोकरीवरून काढलं नाही.

इथंच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण पेढीच्या पायऱ्या उतरताना गौतमनं विचारलं, "आन् जनाकाकूचं? तिले बी लय खोकला हाय. तिले बी अकोल्याले दाखवू ना, एकाच गाडीत." शेठ आतच होते, त्यांनी ऐकलंही नसेल. उत्तर मी दिलं. "बाया बिल्ल्यावर नाहीत रे. त्या रोजंदारीच्या. त्यांची तपासणी झाली नाही, वहीत नाव नाही." जनाबाई लगेच म्हणाली, "माह्यं राहू द्या बाप्पा, याहीले न्या." आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली. तिथं ती मोठ्या दवाखान्याच्या ओसरीवर दोन महिने राहिली. आत तिला कोणी तपासलं नाही, कारण तिच्यासाठी कोणी चिठ्ठी नेली नव्हती. माझ्याकडे चिठ्ठ्यांचं अख्खं पुस्तक होतं. एक फाडली असती तर शेठ काय, कोणीच विचारलं नसतं. नियम शेठचा होता, पण त्या दिवशी तो तोंडानं मी बोललो. तीन वर्षांनी जनाबाई खोकूनच गेली. त्याची बोच अजून आहे आणि राहील.

उखर्डाबुवा मात्र परत आला. बारीक झाला होता, पण चालत आला. शेठनी त्याला रेच्यावरून काढून गेटवर बसवलं, तुसापासून लांब. पुढं कितीतरी वर्षं तो तिथं बसून नुसत्या आवाजावरून ओरडायचा, "अबे चार नंबरचा पट्टा पाहा!" आणि संध्याकाळी सगळ्यात आधी खिडकीत हात पुढं करायचा, गुळासाठी. डॉक्टर आला म्हणून गूळ बंद झाला नाही. पोरंही हळूहळू परत घ्यायला लागली. दोन्ही घेऊ म्हणाली.

त्या होळीला जिन बंद झालं. चिठ्ठ्यांचा मेळ घालायला मी डॉक्टर वामनरावांकडे गेलो. काम झालं, चहा झाला. मी न राहवून म्हटलं, "डॉक्टरसाहेब, त्या दिवशी पेढीवर तुम्ही सांभाळून घेतलं. दसऱ्याला तुमच्या लक्षात आलं होतं का?"

ते हसले. "टाइमबाबू, मी चेहऱ्याकडे बघत नाही म्हणून मला दिसत नाही असं कोणी सांगितलं? बावीसपासून बासष्टपर्यंत वयं, नावं निरनिराळी, आणि सगळ्यांच्या डाव्या छातीवर तेच तीन डाग! दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा रागावणार होतो. तिसऱ्यांदा डागांकडे नीट पाहिलं. ते कशाचे असतात ते या भागातल्या डॉक्टरला सांगावं लागत नाही. मग म्हटलं, हे पोरगं इतक्यांदा सदरा काढतंय, तर काढू दे. सात वेळा काढला त्यानं."

"सहा," मी म्हटलं. "म्हातारे सहा होते. सातवा तो स्वतः."

"त्याची स्वतःची वेगळी. त्याची धरली तर आठ. दुसऱ्यांची सात."

मी बोटांवर मोजलं. अकरा, तेवीस, बाकीचे चार. सहाच. "सातवा कोण?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "बिल्ला नंबर एक. तुम्ही नारळाला गेला होतात ना? हा फळीवरून तुमचा बिल्ला काढून समोर उभा. मी म्हटलं, अरे, हा तर तुमच्या बाबूंचा नंबर! तर म्हणाला, डॉक्टरसाहेब, लिवा साफ."

मी तिथून उठलो तो सरळ गौतमकडे गेलो. तो मोसमाचं सामान बांधून एसटीची वाट पाहत उभा होता. मी लांबूनच ओरडलो, "काऊन बे? माझ्या नावावर काऊन उभा राहिलास?"

तो लाजला. एवढा बोलका पोरगा, पायानं माती उकरत उभा राहिला. "बाबू, सकाळी फळीमागं तुमी खोकलता ते आमाले ऐकू येते. खिडकी बंद करून खोकलता, तरी येते. तुमी साऱ्याइले चिठ्ठी देता. तुमाले चिठ्ठी कोन देनार होतं?"

मला एकदम रडू आलं. बसस्टँडवर, भर उन्हात, सगळ्यांसमोर. मी त्याला जवळ घेतलं, आणि त्याच्या सदऱ्यातून ते तीन डाग माझ्या छातीला लागले की मला तसं वाटलं, माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्यांचं पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं. सहीही मलाच करायची होती. वामनरावांनी नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि म्हणाले, "आता ही तुमची."

ती छाती घेऊन मी पुढं निवृत्तीपर्यंत काम केलं, औषधं घेत. जिन आता नाही. गौतम दोन हंगामांनी नागपूरला गेला, गिरणीत, कार्डाच्या नोकरीवर. दर दसऱ्याला त्याचं पत्र येतं, आणि पाकिटात सोन्याचं पान असतं.

मीनल परवा घरी आली होती. विम्याचा फॉर्म घेऊन. आईचं भरून झालं. आईनं आधी तोंड वाकडं केलं, मग गुडघे, पाठ, डोळे असं सगळं उत्साहानं सांगितलं. मग माझी पाळी.

"बाबा, आधीपासूनचा काही आजार? इथं हो किंवा नाही लिहायचंय." ती जरा थांबली. "खोकल्याचं लिहायला हवं का? नाही लिहिलं तरी चालेल हो. कोण तपासायला येतंय?"

मी म्हटलं, "लिही बाई, आहे म्हणून. छाती. जुनी. माझ्या जागी एकदा दुसऱ्यानं सदरा काढलाय. या वेळी माझा मी काढतो."